आधी मला रिकामी करा

मी चर्चच्या दारातली प्रार्थनेची पेटी बोलतेय. दचकू नका. इतकी वर्षं तुमचं मुकाट्याने ऐकून घेतलं, आता घटकाभर माझं ऐकलंत तर काही बिघडणार नाही.

माझा जन्म एका मोडक्या बाकापासून झाला. प्रवचन लांबलं, एक भरभक्कम गृहस्थ झोपेत कलंडले आणि बाकाचे दोन तुकडे झाले, असं सुतार सांगायचा. त्याच फळ्यांपासून त्याने मला बनवलं. वर चीर, खाली बिजागरीचं दार, दाराला कुलूप. किल्ली पाळकसाहेबांकडे. ज्याला देवाकडे काही मागायचंय त्याने चिठ्ठी लिहून माझ्या पोटात टाकायची, रविवारी पाळकसाहेबांनी ती वाचून सगळ्यांसमवेत प्रार्थना करायची. नाव लिहायची सक्ती नाही.

काय काय गिळलं मी! गुडघेदुखी तर इतकी, की दमट हवेत माझ्याच बिजागऱ्या ठणकतात. एकदा एका सासूने सुनेसाठी सुबुद्धी मागितली आणि त्याच आठवड्यात सुनेने सासूसाठी. दोन्ही चिठ्ठ्या माझ्यात शेजारी शेजारी पडल्या होत्या. शप्पथ सांगते, सहा दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मग वॉर्डाची निवडणूक लागली आणि आमचे बेकरीवाले उभे राहिले. माणूस पावासारखा मऊ. समोर पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई, धर्माने वेगळ्या. आमच्या मंडळीतून, म्हणजे या चर्चच्या लोकांतून, याआधी कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात आलं. बेकरीवाल्यांच्या मेहुण्याने पाळकसाहेबांना गाठलं.

"साहेब, रविवारी वेदीवरून जाहीर करा. ही मंडळी आपल्या माणसाच्या पाठीशी आहे. बस्स, एक वाक्य!"

"मंडळीच्या नावाने?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मग काय पोस्टाच्या नावाने?"

बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या नर्सबाई कडाडल्या, "आज आपण 'आपला' म्हणून मत मागू, उद्या बाकीचे 'त्यांचा' म्हणून मागतील. आपण आहोत दीड गल्ली. मोजणीत कोण हरणार, सांग?"

"मावशी, तुम्ही मोजत बसा. तोवर दवाखाना, रस्ता, नळ सगळं त्यांच्या गल्लीत जाईल."

"दवाखाना आहे कुठे न्यायला? चार महिने कुलूप आहे त्याला!"

असं रोज चालायचं. दोन्ही बाजूंचे लोक पाळकसाहेबांच्या घरी जायचे, चहा संपवायचे आणि भांडण अर्धवट ठेवून यायचे. पाळकसाहेब थकले. जाहीर करावं, तर देवाच्या घरावर एका उमेदवाराची पाटी लागणार. न करावं, तर आपलीच माणसं तोंड फिरवणार. शेवटी त्यांनी सांगितलं, "रविवारी उपासनेनंतर गुप्त मतदान घेऊ. जाहीर करायचं की नाही, चिठ्ठीवर लिहा. पेटी आहेच."

पेटी आहेच! मला कुणी विचारलं नाही.

रविवारी सगळे ओळीने आले, चिठ्ठ्या टाकून गेले. बेकरीवाले कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात कोपऱ्यात उभे होते. मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. चिठ्ठी उघडण्याआधी ते गठ्ठा मोजणार, ही त्यांची जन्माची सवय. मोजला. चष्मा पुसला. पुन्हा मोजला.

"मतं देणारी त्रेचाळीस माणसं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या बावन्न."

झालं! "बोगस मतदान! देवाच्या दारात!" मेहुणा ओरडला. नर्सबाई म्हणाल्या, "तुझेच खिसे तपासा आधी." दोन सख्खे भाऊ एकमेकांची कॉलर धरायला निघाले. आणि मी गप्प. मला ठाऊक होतं ना, पण सांगणार कशी?

पाळकसाहेबांचा चेहरा मात्र पांढरा पडला. "थांबा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. या धामधुमीत तीन रविवार मी पेटी उघडलेलीच नाही. त्या जास्तीच्या नऊ तुमच्या प्रार्थना आहेत."

मेहुण्याला तरी खात्री हवी होती. "मग वाचून दाखवा."

पोस्टमास्तरांनी मतं बाजूला काढली आणि पाळकसाहेब वाचू लागले. पहिली, गुडघे. दुसरी, गुडघे. तिसरी : 'प्रभू, बेकरीवाल्यांना निवडून आण.' चौथी : 'प्रभू, बेकरीवाल्यांना पाड. ते सभेला जायला लागल्यापासून पाव कच्चा राहतोय.' लोक हसले. बेकरीवालेही हसले.

मग पाळकसाहेबांनी नववी उघडली.

'मी समोरची इस्त्रीवाली. माझा देव वेगळा आहे, पण त्याच्याकडे पेटी नाही. सासूबाईंच्या पायाची जखम भरत नाही. नाक्यावरचा दवाखाना बंद. लांब न्यायला कुणी सोबत येईल का?'

"सासूबाईंच्या पायाचा अंगठा कापावा लागला," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "गेल्या मंगळवारी. मलाही काल कळलं."

बेकरीवाल्यांनी आपल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. त्या कडक घड्या तिच्याच हातच्या. प्रचारासाठी एक दिवसाआड ते तिच्या दारात शर्ट टाकायचे आणि 'लवकर हवाय हं' म्हणून निघून यायचे.

"मास्तर, मतं मोजू नका," ते म्हणाले.

"भावोजी, वेड लागलंय का?" मेहुणा हबकला. "जिंकतोय आपण!"

"असेल. पण मंडळीचा माणूस म्हणून तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? साहेब, माझं नाव वेदीवरून घेऊ नका. मत मागायचं ते मी दारोदार जाऊन मागेन, माझ्या नावाने. पहिलं दार तिचं."

ते खरंच गेले. तिने मत देईन म्हटलं नाही, पाणी दिलं. निवडणुकीत ते एकतीस मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा अर्ज घेऊन शाळेच्या बाईंकडे गेले. वर्षभर दोघांनी मिळून ऑफिसं झिजवली, तेव्हा कुठे दवाखाना उघडला. तोही आठवड्यातून दोन दिवस. सासूबाई काठी टेकत जातात.

मेहुणा अजून म्हणतो, त्या दिवशी जाहीर केलं असतं तर एकतीस मतं सहज मिळाली असती. मिळाली असती, की तितकीच तुटली असती? मला विचारू नका. ती त्रेचाळीस न मोजलेली मतं पाळकसाहेबांनी परत माझ्यातच ठेवली आहेत, तळाशी, दोरीने बांधून. निकाल मला माहीत आहे. पण पोटातलं ओठावर आणायची मला सवय नाही.

आता दमले मी. एक बिजागरी निखळली आहे, चिठ्ठ्याही कमी येतात, लोक फोनवरच प्रार्थना पाठवतात. पाळकसाहेब मात्र दर रविवारी न चुकता कुलूप काढतात आणि बोटाने कोपरे चाचपतात.

पुन्हा निवडणूक लागली आहे. दारात पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. करा, जरूर करा. उभे राहा, भांडा, मतं मागा. फक्त माझ्यात तुमची मतं टाकण्याआधी मला एकदा रिकामी करा. तळाशी कुणीतरी वाट बघत असेल.