एकाच खलनायकाचे दोन कट

आप्पासाहेबांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. त्यांच्या हातून सदोष माल कधी पास झाला नाही आणि निवृत्तीनंतर माणसंही फारशी पास झाली नाहीत. नारायण पेठेतल्या त्यांच्या मागच्या खोलीतून तीन भाडेकरू गेले, तिघंही खोटं बोलले म्हणून. त्यातल्या एकानं तर नुसतं ‘आंघोळ झाली’ असं खोटं सांगितलं होतं.

चौथी राजनंदिनी. वाशिमची, वय तेवीस, गळ्यात हिंजवडीच्या एका संगणक कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. खोली देताना आप्पासाहेबांनी एकच अट घातली. केबलवर रोज दुपारी साडेतीनला एक जुनी विलायती हेरमालिका लागायची. छापील इंग्रजी त्यांना चांगलं यायचं, पण त्या साहेबांचे उच्चार पार डोक्यावरून जायचे. बायको गेल्यापासून दुपार खायला उठायची, त्यामुळे मालिका सोडवतही नव्हती.

“तुम्ही कंपनीतल्या,” ते म्हणाले. “शेजारी बसून मराठीत सांगायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी खोली रिकामी.”

राजनंदिनीची पहाटेची पाळी असायची. तीनला ती परत यायची आणि साडेतीनला सांगायला बसायची. सांगायची मात्र झकास! आप्पासाहेब वहीत नोंद करायचे: तारीख, खलनायक, त्याचा कट, निकाल. जित्याची खोड, दुसरं काय.

श्रावणात घोळ झाला. मार्चमध्ये लागलेला भाग पुन्हा लागला. तोच काचेच्या डोळ्याचा माणूस, खांद्यावर तोच पोपट, तोच सोफा माणसासकट तळ्यात पडणारा. मार्चच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘देशातली घड्याळं मंद करून लोकांना कामाला जुंपतो.’ आणि आज राजनंदिनी सांगत होती, “हा ना काका, लोकांची झोप चोरतो. बाटल्यांत भरून ठेवतो.”

आप्पासाहेबांनी वही मिटली. माल एक आणि दाखले दोन, म्हणजे एक तरी खोटा.

मग संशयानं जे डोकं वर काढलं, ते काढलंच. पोरीच्या ओढणीला तव्याचा वास का येतो? नखांत पीठ कसं? त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘बोटांवर चटके. संगणक भाजतो काय?’ गळ्यातला पट्टा तरी खरा असेल कशावरून? एकट्या म्हाताऱ्यांची घरं हेरणारी टोळी असल्याचं पेपरात आलं होतंच. त्यांनी बायकोच्या बांगड्या कपाटातून काढून तांदळाच्या डब्यात पुरल्या. स्वतःची लाज वाटली, पण बांगड्या तिथंच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनच्या कचेरीचं इंग्रजी पत्र तिच्यापुढं धरलं. हयातीचा दाखला द्या, नाहीतर पेन्शन थांबेल, असा त्यातला सरळ मजकूर. तो त्यांना पाठ होता.

“चष्मा सापडत नाहीये. काय म्हणतायत बघा जरा.”

तिनं कागदावरून बराच वेळ नजर फिरवली. “तुमच्या नोकरीचं कौतुक केलंय, काका. इतका कडक माणूस पुन्हा झाला नाही म्हणतात.”

आप्पासाहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि सावकाश डोळ्यांवर चढवला.

पोरीचा चेहरा उतरला. पुण्यात आल्यापासून जपलेली भाषाही गळून पडली. “मले इंग्रजी नाही येत, काका. तीन मुलाखतींत नापास झाली मी. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतो. घरी नाही सांगितलं. मालिकेतलं सगळं मीच मनानं सांगत होती.”

“महिनाअखेर खोली रिकामी,” आप्पासाहेब एवढंच म्हणाले. आणखीही बोलणार होते, पण फोन वाजला.

“नमस्कार जी, वाशिमहून महिपती बोलतो, राजनंदिनीचा बाप. पोरगी म्हणते, रोज तुमाले इंग्रजी समजावून सांगते. खरं हाय काय जी? गावात लोक हसतात मले. म्हनतात, मराठी शाळेतल्या पोरीले पुन्यात कोन पुसते.”

राजनंदिनी दारात उभी होती. आवाज तिच्यापर्यंत पोचत होता. तिनं पट्टा मुठीत घट्ट धरला होता.

आप्पासाहेबांनी टेबलावरच्या वहीकडं पाहिलं. छत्तीस वर्षांत एकही खोटा शेरा नाही.

“मी तपासनीस होतो, महिपतराव. स्वतः तपासून घेतलंय. पोरगी उत्तम आहे. हसणाऱ्यांना माझा नंबर द्या.”

त्यांनी फोन ठेवला. साडेतीन वाजून गेले होते. त्यांनी टीव्ही लावला.

“बस,” ते म्हणाले. आजवर तिला त्यांनी कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“पण काका, ते लोक काय बोलतात, मले काही समजत नाही.”

“मला तरी कुठं समजतं? तू सांगशील ते खरं.” ते क्षणभर थांबले. मान खाली घालून म्हणाले, “आणि बसण्याआधी तो तांदळाचा डबा उपस. त्यात हिच्या बांगड्या आहेत. कपाटात नेऊन ठेव. तिथं का गेल्या, ते मात्र विचारू नकोस.”

राजनंदिनीनं डबा उपसला. बांगड्या ओढणीला पुसून कपाटात ठेवल्या, काही न विचारता. मग येऊन शेजारी बसली.