आठ पावलांचा चमत्कार

बसस्थानकासमोरच्या मैदानात बाबांनी "ऊठ" म्हणायचा अवकाश, चाकाच्या खुर्चीतला म्हातारा उठून चालू लागायचा आणि गर्दी मैदान डोक्यावर घ्यायची. "मी काहीच करत नाही," बाबा डोळे मिटून सांगायचे. आणि आयुष्यात खरं बोलायचे ते तेवढंच.

शिवणबाईला हे पुरतं ठाऊक होतं. मागच्या रविवारी शेजारणीच्या आग्रहापायी ती आपल्या चाकाच्या खुर्चीतून इथे आली होती. गुडघे संधिवाताने धरलेले; सपाटीवर आठ-दहा पावलं जमायची, पायरी एकही नाही. बाबा "ऊठ" म्हणाले, ती भिडेखातर उठली, आठ पावलं चालली. पहिल्या रांगेत बसचे पास देणारे साहेब बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिचा अपंगांचा पास रद्द केला. चालता येतं तो कसला अपंग, म्हणाले. पास नाही म्हणून चालक बसची उतरती फळी सोडेना, फळीशिवाय खुर्ची आत जाईना. शिवणाच्या कारखान्यात आठवडाभर खाडा झाला. उद्या आली नाहीस तर मशीन दुसरीला देतो, असं मुकादमाने बजावलं.

बाई रडली नाही, जळफळली. बाबा आणि साहेब, दोघांची जिरवल्याशिवाय राहणार नाही, असं शेजारणीला सांगून आज ती तासभर आधीच फाटकापाशी येऊन बसली आणि सगळं बघत राहिली.

खुर्चीतला एक म्हातारा चालून दाखवून गेला, मग तिची पाळी आली. बाबा "ऊठ" म्हणाले. ती उठली, आठ पावलं चालली आणि तिने थेट माइकच हातात घेतला.

"एवढं मी रोज घरात चालते. समोर बस उभी आहे, बाबा. तिच्या पायरीवर चढवा मला."

बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडतेय.

"मागच्या रविवारी बरी पुरली?" लोक हसले. मग ती मघाशी बरा झालेल्या म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, फाटकापर्यंत कसे आलात?"

"चालत की. यांची पोरं म्हणाली, रांग मोठी आहे, खुर्चीत बसा."

बाबा मागच्या मागे सटकायला लागले, तर बायकांनीच वाट अडवली. तिने आजही पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांना माइकपाशी बोलावलं. उद्या ऑफिसात बघू, साहेब पुटपुटले. उद्या नाही, आत्ता, सगळ्यांदेखत, ती म्हणाली. घामाघूम होत त्यांनी पास परत चालू केल्याचं लिहून दिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. फार बरं वाटलं तिला.

मग ती लोकांना म्हणाली, "माणूस चार पावलं चालला की टाळ्या वाजवू नका. त्याला बसमध्ये चढता येतं का, ते आधी विचारा."

समोरच्या बसच्या चालकाने कुणी न सांगता फळी खाली सोडली.