जास्तीचं माप

माझ्या थोरल्या जाऊबाई वाटणीच्या पिशव्यांना दुहेरी गाठ मारायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

वाटणी म्हणजे किराण्याची. एकाच गल्लीत आमची तीन घरं. थोरले दीर आणि जाऊबाई पहिल्या घरात, मध्ये आम्ही आणि कोपऱ्यावर नणंद. सुटं सामान घेतलं की दुकानदार आपल्याला सोलतो, म्हणून तिन्ही घरांनी मिळून ठोक बाजारातून महिन्याचं सामान आणायचं, असं जाऊबाईंनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. तांदूळ, साखर, तेल, चहा, कपडे धुवायची पावडर. पैसे सारखे, सामान सारखं. आणि यात जे वाचेल ते कोणी उडवायचं नाही, त्याच दिवशी बँकेत टाकायचं, हा नियमही त्यांचाच. कल्पना चांगली होती, हे मी कधी नाकारलं नाही. त्याच जोरावर आमच्या मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बँकेत बऱ्यापैकी रक्कम साठली होती. त्या रकमेचा विचार केला की मला शांत झोप लागायची.

पूर्वी ही वाटणी जाऊबाईंच्या जेवणाच्या टेबलावर व्हायची, सगळ्यांच्या देखत. त्या मापायच्या, नणंद पिशव्या धरायची आणि मी काट्यावर नजर ठेवायचे. कोणीतरी ठेवायला हवी ना! मग गेले काही महिने अचानक पिशव्या भरून, बांधून थेट दाराशी यायला लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तू कामावरून दमून येतेस, कशाला उगाच हेलपाटा?" इतकी वर्षं मी काय ताजीतवानी होऊन येत होते? दमणं जुनंच होतं, काळजी तेवढी नवी होती. दुकानाची पावतीही दिसेनाशी झाली. त्यात त्यांच्या खिडक्यांना नवे पडदे लागले, गडद निळे. मग तर माझ्या डोक्यात भुंगाच शिरला.

मी ह्यांच्याजवळ विषय काढला. आमचे हे छापखान्यात यंत्रावर आहेत, स्वभावाने लोण्याहून मऊ. वाटणीचे पैसेही तेच जाता जाता वहिनींच्या हातात देतात. मी म्हटलं, "अहो, आपल्याला माप कमी येतंय की काय?"

"वहिनी तसं करेल का?" हे म्हणाले आणि समोर भरलेला पेला असताना पाणी प्यायला उठून आत गेले.

मी म्हटलं, झालं. हे पडले वहिनीचे लाडके दीर, ह्यांच्याकडून न्याय मिळायचा नाही. आपलं आपणच बघावं.

मी पार्सलच्या ऑफिसात बुकिंगच्या खिडकीवर बसते. लोक शपथेवर सांगतात आत कपडे आहेत, आणि खोकं हलवलं की आतून बाटल्या वाजतात. अशा नोकरीत माणूस भोळा राहत नाही. आमचा काटाही तसाच आहे, चिठ्ठी ठेवली तरी तिचं वजन दाखवणारा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साखरेची, तांदळाची आणि पावडरीची अशा तीन न सोडलेल्या पिशव्या त्याच्यावर ठेवल्या. नेमके तेव्हाच साहेब मागून आले.

"हे कुठे पाठवायचंय?"

"घरी," मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. माझ्याशी वाद घालायचा नाही, एवढं ते शिकलेत.

साखर जास्त भरली. मी पिशवी उचलून परत ठेवली. तरी जास्तच. तांदूळ जास्त. पावडर तर चांगलीच जास्त. मला आनंद व्हायला हवा होता. मला दरदरून घाम फुटला. कमी दिलं असतं तर चोरी, एवढं सरळ आहे. पण पदरचं जास्त घालून वर गाठी कोण मारतं? मी कमी भरलं तर काय बोलायचं याची सगळी तयारी करून बसले होते. जास्त भरलं तर काय बोलतात, ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी परस्पर नणंदेच्या घरी गेले. तिच्या साखरेची पिशवी अजून तशीच होती. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ठेवली, तर ती ठरल्याप्रमाणे चोख. ना जास्त, ना कमी.

"वहिनी, तू आता माझ्यावरही संशय घ्यायला लागलीस का?" नणंदेने हसत विचारलं.

"तुझ्यावर नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

म्हणजे जास्तीचं माप फक्त आम्हाला, आणि ते जाऊबाईंच्या वाट्यातून. मी रस्ताभर तर्क लढवले. आमची तिन्ही घरं भावंडांच्या सामाईक नावावर आहेत. जाऊबाईंना कसल्या कागदावर ह्यांची सही हवी असेल. किंवा मोठी रक्कम उसनी मागायची असेल आणि त्याआधी साखर पेरणं चाललं असेल. विचार करता करता मी त्यांच्या दाराशी पोचलेसुद्धा. सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच आत शिरले.

जाऊबाई एकट्याच होत्या, पडद्याची किनार शिवत होत्या. माझी नजर पडद्यावर गेलेली त्यांनी पाहिली. "जुन्या चादरी आहेत गं. विटल्या होत्या, घरीच रंगवल्या."

माझा एक पुरावा तिथेच गेला. पण मी मागे हटले नाही. "ताई, मला सगळं जास्त का देता? ऑफिसात वजन केलंय मी, नाही म्हणू नका."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि क्षणभर डोळे मिटले. "तू कमी पडलं म्हणून भांडायला येशील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "बस. भावजींच्या छापखान्यात काम अर्ध्यावर आलंय. दुपारी घरी पाठवतात. पगारही अर्धा."

"कधीपासून?"

"मी पिशव्या बांधून पाठवायला लागले तेव्हापासून. मी त्यांच्याकडून वाटणीचे अर्धेच पैसे घेते. म्हटलं, सामान चार दिवस जास्त पुरलं तर तेवढाच हातभार."

"पण घरखर्चाचे पैसे ते मला पूर्ण देतात."

ह्यांच्या हाताशी दुसरा पैसाच नव्हता, होती ती बँकेतली मुलीच्या नावाची रक्कम. दर महिन्याला मी ते पैसे मोजून घेत होते, एखादी नोट फाटकी असली तर बदलून मागत होते, आणि ते माझ्याच मुलीचे होते.

"मला का नाही सांगितलं?"

"मी खूप म्हटलं. ते म्हणाले, तिला सांगितलं तर ती आधी विचारेल, उरलेला अर्धा दिवस कुठे असता?"

मी तोंड उघडलं होतं ते नेमकं हेच विचारायला. तसंच मिटलं. मला जाऊबाईंचा राग आला, ह्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

"इथेच असतात," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीत बसून नोकरीचे अर्ज लिहितात. म्हणून तर वाटणीला तुम्हाला इथे बोलवत नव्हते. एखाद दिवशी तुझी लवकर सुटका व्हायची आणि ते इथे सापडायचे. तुझ्यापासून लपवलं, हे माझं चुकलंच. पण मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. इथेही यायचे बंद होतील, आणि मग बागेतल्या बाकावर बसून राहतील."

घरी आले तेव्हा हे मुलीचे बूट पॉलिश करत होते. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. गप्प बसायचा पर्याय नव्हता. अजून काही महिने असंच चाललं असतं, तर बँकेत खडखडाट झाला असता. मी समोर बसले आणि म्हटलं, "तुमचा पगार अर्धा झालाय. मला कळलंय."

ब्रश हातात तसाच राहिला. "वहिनीने सांगितलं?"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो माझा होता, खिडकीवर लोकांना विचारते तो. एक माणूस उरलं होतं ज्याच्यावर ह्यांचा भरवसा होता, आणि तेही आता हातचं जाणार होतं.

"त्या कशाला सांगतील?" मी म्हटलं. "मीच शोधून काढलं. तुमच्या छापखान्यात फोन केला, बँकेत जाऊन चौकशी केली. पाळत ठेवली तुमच्यावर."

"वाटलंच मला," हे म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल पडले. फोन कोणी उचलला, बँकेने मला कसं सांगितलं, एका शब्दाने विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा इतक्या चटकन विश्वास बसला नव्हता. ते मला फार लागलं.

मग आम्ही बोललो. बँकेला आता हात लावायचा नाही. माझ्या पगारात घर चालवायचं, ह्यांच्या अर्ध्या पगारातून मुलीची फी आणि काढलेली रक्कम थोडी थोडी परत. एकाच फोनवर भागवायचं, रिक्षा बंद, आणि वाटणीचे पैसे पुन्हा पूर्ण द्यायचे, याच महिन्यापासून. हे मान डोलवत होते, पण बोलत बेताने होते. कुठल्या वाक्यावर मी पकडीन याचा नेम नसल्यासारखे.

"दुपारी मी वाचनालयात बसतो," ते न विचारताच म्हणाले. "तिथे बसून अर्ज लिहितो."

आमच्या भागातलं वाचनालय दुपारी बंद असतं. हे बोलून माझ्याकडे बघत राहिले, पुढच्या प्रश्नाची वाट बघत. तो माझ्या जिभेवर आलाही होता.

"बरं," मी म्हटलं. "तिथे पंखा तरी असतो ना?"

"असतो," हे म्हणाले.