तुतीला पान नाही

पुरचुंडीची गाठ आज डावीकडे सरकली होती, बरगडीशी, आणि तिथं ती टोचत होती. अक्रोडाएवढी तागाची पुरचुंडी, दोरीनं गळ्यात अडकवलेली, आत खसखशीसारखी बारीक करडी अंडी, चाळीस हजार असतात म्हणे एवढ्याशात. ओर्सोलानं डोळे न उघडताच पोलक्यात हात घातला आणि ती पुन्हा छातीच्या मधोमध बसवली. नववा दिवस. नऊ दिवस ती कुशीवर झोपली नव्हती, विहिरीवर वाकली नव्हती, बादली उचलली नव्हती. शिंक आली तरी आधी छातीवर तळहात, मग शिंक. रेशमाचे किडे म्हणायचं नाही त्यांना, या घरात स्वार म्हणतात, कारण कात टाकायच्या आधी ते मान वर करून घोड्यावर बसल्यासारखे ताठ होतात आणि तशा अवस्थेत त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही. पण ते सगळं पुढचं. आत्ता ते कुणीच नव्हते, नुसते दाणे होते, आणि त्यांना जीव यायचा तो तिच्या अंगातून...

अंगात ऊब नाही हिच्या. हे वाक्य रोज सकाळी तिच्या आधी जागं व्हायचं.

अंगणात तिताच्या लाकडी बुटांचा आवाज झाला आणि थांबला. तिता, तिचा नवरा, रोज उठल्याबरोबर बैलांशी बोलतो, शिव्याच देतो पण प्रेमानं. आज काहीच नाही. त्या गप्प बसण्यातूनच तिला कळलं असावं, कारण ती उठली तेव्हा खिडकीच्या फटीतून येणारी हवा नाकात सुईसारखी गेली, आणि बाहेर गवत पांढरं होतं, एप्रिल संपत आलेला असताना पांढरं, कालच संत मार्कोचा सण झालेला असताना. काल सगळा गाव क्रूस घेऊन शेताशेतातून गात फिरला होता. पाद्रीबाबांनी तुतीच्या रांगांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, आणि बायकांच्या पोलक्यांतल्या पुरचुंड्यांनाही आशीर्वाद दिला होता — बिचाऱ्यांनी मान वळवून, चर्चच्या घंटेकडे बघत.

ती स्वयंपाकघरात आली तेव्हा तिता चुलीपुढच्या बाकावर बसला होता. त्याच्या हातात एक डहाळी होती. काल त्या डहाळीवर उंदराच्या कानाएवढी पानं होती, कोवळी, इतकी हिरवी की डोळ्यांत पाणी यावं. आज ती शिजवून पिळल्यासारखी काळी लोंबत होती.

"सगळी?" सासूनं विचारलं. काटे तिचं नाव, पण गावात तिला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"ओढ्याकडची रांग गेली. विहिरीकडची गेली. गोठ्याच्या भिंतीआडची दोन झाडं वाचलीत, पण त्यांवर शेळीचंसुद्धा पोट भरायचं नाही, आई."

"काल पाद्रीबाबांनी एवढं पाणी शिंपडलं," थोरली जाऊ झेलिंडा म्हणाली, पोलेंटा ढवळता ढवळता, सातव्या महिन्याचं पोट कढईपासून लांब धरून, "तेच गोठलं असेल."

"आधी तोंड धुऊन ये, मग देवाबद्दल बोल."

"तोंड धुवायला घंगाळातलं पाणीही गोठलंय, सासूबाई."

मक्याचा लगदा कढईत फुटत होता, फट्, फट्. सासूनं डहाळी हातात घेतली, एक पान बोटांत चुरगाळलं, वास घेतला. "दुसरी पालवी फुटायला?"

"वीस दिवस. थंडी हटली तर."

"आणि हे?"

तेव्हा तिघांनी एकदम ओर्सोलाच्या छातीकडे पाहिलं. तिनं नकळत पोलकं गळ्याशी आवळलं. दोन वर्षं लागोपाठ या घरातले स्वार मेले होते, सासूच्या छातीवर उबवलेले, निम्मे उबलेच नाहीत आणि उरलेले चौथ्या झोपेत, चौथी कात टाकायच्या वेळी, काळे पडले. शेत मालकाचं, निम्मं रेशीमही मालकाचं. मालकाला नाही म्हणणारं कोण? आणि मालकाच्या कारभाऱ्यानं मागल्या नोव्हेंबरात, शेतांचे करार बदलतात त्या संत मार्टिनच्या सणाला, याच बाकावर बसून, दारूचा पेला पुढ्यात घेऊन, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं: तिसऱ्यांदा असं झालं तर पुढच्या मार्टिनला गाडी जुंपा, दुसरं शेत बघा. दुसरं शेत. जावेची चार लहान पोरं, एक म्हातारी, एक पोटातलं, आणि घरात स्वार मरतात असं नाव झालेलं कुटुंब — त्याला कोण देणार शेत?

"पिंपांच्या खोलीत जा," सासू म्हणाली. "उत्तरेच्या भिंतीला दगडाची बैठक आहे ना, तिथं काढून ठेव. उघड्यावर."

"किती वेळ?"

"मी सांगेन तोवर."

"आई, मरतील गं ते," तिता म्हणाला.

"तेवढ्यानं नाही मरत. माझ्या आईनं एका साली आठ दिवस थोपवून धरले होते. मरत नाहीत, थांबतात." आणि मग ओर्सोलाकडे न बघता, "हिच्या अंगावर नाहीतरी काय मोठे फुलले असतील!"

तेवढ्यानं नाही मरत... पिंपांच्या खोलीचं दार तिनं आतून लोटलं आणि पाठ टेकली. इथं दिवसाही संध्याकाळ असते. आंबूस दारूचा, ओल्या मातीचा वास, झरोक्यातून एक करडी पट्टी. तेवढ्यानं नाही मरत पोरं, असंच म्हणाली होती सासू जानेवारीत, दारात उभी राहून, सुईणीच्या हातातून ओर्सोलाच्या बाळाला घेताना. तिसरा दिवस होता. बाप्तिस्मा लवकर व्हायला हवा, न झालेलं पोर गेलं तर त्याला आकाशातलं दार नाही, हे ओर्सोलालाही मान्य होतं, अगदी मनापासून मान्य होतं, म्हणून तर तिनं अडवायला हात पुढे केले नाहीत. चाळीस दिवस बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. ती अंथरुणातच राहिली आणि सासू आणि सुईण बाळाला घेऊन गेल्या, गोठलेल्या ओढ्याच्या कडेनं, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, आणि मध्ये ते चर्च, जिथं पाद्रीबाबांना बाप्तिस्म्याच्या पात्रातला बर्फ आधी फोडावा लागला. आंजेलो. नाव घेऊन परत आला तेव्हा ओठ निळे होते. "घे, छातीशी धर," सासू म्हणाली, "ऊब दे त्याला." तिनं धरलं. दिवसभर धरलं. रात्री धरलं. सकाळी सासू आली, बाळाच्या पायांना हात लावला आणि म्हणाली ते वाक्य. अंगात ऊब नाही हिच्या. रागावून नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं.

आणि तिनं ते घेतलं. दुसरं काय होतं घेण्यासारखं? पाळणा माळ्यावर गेला, दूध चार दिवस गळून आटलं, पण ते वाक्य राहिलं, तिचं म्हणून. पुढे पुढे तर ती त्याच्याशी बोलायची. धुणं धुताना, शेंगा सोलताना... माझ्यामुळे झालं, माझ्या अंगामुळे. आणि बोललं की छातीतलं काहीतरी जागच्या जागी बसायचं.

म्हणून पुरचुंडी गळ्यात पडली तेव्हा तिला भीतीच वाटली. सासूवर दोनदा अपयश आलेलं, झेलिंडा पोटुशी, आणि पोटुशीनं स्वार उबवायचे नसतात. "दुसरं आहे कोण?" असं म्हणून सासूनं दोरी तिच्या डोक्यावरून खाली सोडली होती.

तिनं ती दोरी आता काढली. नऊ दिवसांनी छाती एकदम उघडी पडल्यासारखी झाली. दगडावर पुरचुंडी ठेवली. किती लहान दिसत होती. तिनं हात मागे घेतले, मांडीवर ठेवले, जपमाळ काढली. एक मणी, दोन मणी... लेंटच्या उपासाच्या दिवसांत तो तपकिरी झग्यातला साधू आला होता प्रवचनाला, दाढीत तांबडे केस असलेला. अर्धं बोलायचा आणि अर्धं गायचा, आणि गाता गाता मध्येच थांबून बायकांकडे असा बघायचा की सगळ्याजणी पुढची ओळ आपणच उचलायच्या. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. त्याच्या गाण्यात मरियाबाई गोठ्यात बाळासाठी ऊब मागत फिरते. गवताकडे मागते, गवत देतं. बैलाकडे मागते, बैल आपला श्वास देतो. मग भिंतीतल्या धोंड्याकडे मागते, आणि धोंडा म्हणतो, बाई, माझ्याजवळ ऊब नाही गं, पण मी वारा अडवीन. किती रडली होती ती त्या धोंड्यासाठी! चर्चमधून घरी येईपर्यंत तिला वाटत होतं की देव आहे आणि तो गातो.

ती चाल तिनं आता गुणगुणून पाहिली. पिंपांमध्ये आवाज बुडाला. वीस मणी झाले असतील. धोंड्यावरच्या त्या पुरचुंडीकडे बघवेना... थांबतात, मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि ते उबले तर खातील काय, चाळीस हजार तोंडं आणि दोन झाडं, मग मार्टिनचा सण, मग गाडी, गाडीवर पाळणा उलटा ठेवलेला. सगळं समजत होतं. सासूचं बरोबर होतं. बाप्तिस्म्याच्या वेळीही सासूचं बरोबरच होतं.

तिनं गाठ सोडून पाहिलं. फक्त बघावं म्हणून. झरोक्याच्या पट्टीत कापड धरलं. अंडी करडी नव्हती. बरीचशी पांढुरकी झाली होती, राखेवर दूध सांडावं तशी, आणि प्रत्येकात एक काळा ठिपका. लहानपणी आजीनं तिला शिकवलं होतं: पांढरी झाली की मग परमेश्वरालाही ती थोपवता येत नाहीत. मग गार केली तर मरतात, एवढंच. आता जाऊन सांगायला हवं होतं. सासूबाई, उशीर झालाय. तिनं गाठ बांधली आणि पुरचुंडी पुन्हा पोलक्यात टाकली, थेट कातड्याशी, आणि वरून दोन्ही हात दाबले. गारठलेलं कापड छातीला लागलं तेव्हा ती शहारली, आणि हळूहळू, कितीतरी वेळानं, ते तिच्यासारखंच झालं.

दुपारची घंटा झाली असेल तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं. खाज नव्हे. कुणीतरी केसानं लिहावं तसं, गाठीच्या खाली, एक रेघ. मग दुसरी. तिनं श्वास धरला. पोलकं उघडलं. कापडाच्या विणीतून एक काळा दोरा बाहेर आला होता, मुंगीच्या पायाएवढा, आणि तिच्या कातड्यावर तो मान उचलून इकडे तिकडे बघत होता, पान शोधत. आत सगळं वळवळत होतं. सगळं. एकसुद्धा मागे राहिलं नसावं असं.

तिला हसू आलं. इतकं आलं की तिनं तोंडावर हात दाबला. पोरीसारखं, अंगभर... उबले! माझ्या अंगावर उबले! बाहेर तुती काळी पडलेली, घरावर वरवंटा फिरायची वेळ, आणि ती अंधारात पिंपाला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ऊब होती. देवा, ऊब होती, होतीच, चाळीस हजारांना पुरली!

मग हसू कुठंतरी अडकलं.

होती, तर मग आंजेलो कसा गेला?

"गार झाले का गं?" दाराबाहेर सासू.

"होताहेत."

दार ढकलून म्हातारी आत आली, गुडघ्यांवर हात ठेवत बैठकीवर टेकली, तिला लागूनच. धोंड्यावर पुरचुंडी नाही हे तिनं पाहिलं असणार. हात पुढे केला, ओर्सोलाच्या गळ्याशी, पोलक्याच्या काठाशी, आणि तिथंच थांबला. तो हात बर्फासारखा होता. असा गार हात जिवंत माणसाला असतो?

"भट्टी झालीय तुझी," सासू म्हणाली. म्हणून झाल्यावर स्वतःच्याच शब्दांकडे बघत राहिली. हात काढून घेतला, काखेत घातला. "माझ्या हाताला तर आता कशाचीच धग राहत नाही. कधीपासून कोण जाणे."

पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, बाळाला धरून तो हात. ओर्सोलाला वाटलं आता येईल. राग येईल, डोक्यात रक्त चढेल, ती किंचाळेल. तिनं वाट पाहिली. तेवढ्यात आठवलं ते भलतंच. जानेवारीतली ती सकाळ, दारात शिरणारी सासू, आणि सासूच्या अंगावर शाल नव्हती. दोन शाली बाळाला गुंडाळलेल्या होत्या. एक सुईणीची, एक म्हातारीची. नुसत्या पोलक्यावर आली होती ती बर्फातून, आणि निळे ओठ दोघांचेही होते. हे तिनं तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि कुठं ठेवून दिलं होतं?

पाद्रीबाबांनी बर्फ फोडला होता तो मुलाला स्वर्ग मिळावा म्हणून. ओढा गोठला होता तो जानेवारी होता म्हणून. तिनं दोष द्यायला एकेकाला मनात समोर उभं करून पाहिलं, आणि एकेकजण बाजूला झाला, टोपी हातात घेऊन.

"किती उबलेत?" सासूनं हळूच विचारलं.

छातीवर ते चालत होते. गळ्याकडे, काखेकडे, जिकडे वाट मिळेल तिकडे, उपाशी. उत्तर द्यायला हवं होतं. त्याआधी तिनं सवयीनं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, माझ्यामुळे झालं, माझ्या अंगामुळे, आणि ते बसेना. जानेवारीपासून तिच्याजवळ निदान एक अपराध होता. त्याला धरून ती उठत होती, भाकरी खात होती, प्रार्थनेला गुडघे टेकत होती. आता शेजारी एक गारठलेली म्हातारी होती, अंगभर भूक होती, आणि त्या मुलाचं मरण कुणाचंच नव्हतं.