दोन बोटं माती

पोर सकाळपासून गोठ्याच्या तुळईला लटकली होती आणि बाप खाली उभा राहून आकडे म्हणत होता. एकशे वीस, एकशे एकवीस. म्हशी रवंथ सोडून वर बघत होत्या. आई शेण भरत होती. तिला ते बघवत नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती. बोललं की नवरा म्हणायचा, घरात नकाराची भाषा नको.

त्याच्या डोक्यात हे भूत बाजारच्या गावी शिरलं. तिथं कोट घातलेला एक व्याख्यानवाला आला होता. नवरा वीस वर्षं दुसऱ्यांच्या रानात ट्रॅक्टर चालवत होता. उभ्या जन्मात त्याला कुणी 'तुला जमेल' म्हणालं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, तेही माईकवरून. घरी येऊन त्यानं गोठ्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं : 'मर्यादा फक्त मनात असते.' खाली म्हशी बांधलेल्या.

पोरीला पोलीस व्हायचं होतं. पळण्यात ती गावातल्या पोरांना मागं टाकायची, गोळाही लांब फेकायची. फक्त उंची दोन बोटं कमी. वय वीस. विशीतली पोर काही पावसानंतरच्या गवतासारखी वाढत नाही, हे त्या म्हशींनाही कळत असेल. पण लटकून उंची वाढते या हट्टानं बापानं टेप लावून दाराच्या चौकटीवर हव्या तेवढ्या उंचीला खिळ्यानं रेघ मारली आणि दर रविवारी पोरीला तिथं पाठ लावून उभं करायला लागला. डोक्यावर फूटपट्टी ठेवायची, बघायचं. रेघ दोन बोटं वरच.

आठव्या रविवारी तो म्हणाला, "तू मनापासून विश्वास धरतच नाहीस. मनात खोट आहे तुझ्या."

पोर त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गळ्याची हाडं वर आलेली, तळहातांना फोड. आईनं ओढ्याकाठची चिकणमाती आणली, मुरूम मिसळला आणि चौकटीपाशी, पोर जिथं टाचा टेकायची तिथं, पातळसा थर देऊन चोपून काढला. पुढच्या आठवड्यात आणखी एक. दाराशी माती झिजतेच, बायका ती लिंपतातच. घरातली जमीन कोण करतं याकडे कुणाचं लक्ष असतं?

रविवारी फूटपट्टी रेघेच्या जवळ सरकली. बापानं पोरीला उचलून गरकन फिरवलं. पोर हसली आणि चार घास जास्त जेवली. आईला वाटलं, एकदा रेघ गाठली की हे लटकणं थांबेल, पोरीच्या जिवाची ओढाताण थांबेल. एवढाच तिचा हिशेब. दोन महिन्यांत तिनं दोन बोटं माती चढवली आणि फूटपट्टी रेघेला टेकली. बाप गावभर सांगत सुटला.

त्याच आठवड्यात डेअरीवाला घरी आला. दुधाचं फॅट मोजायला हिशेबी मुलगी हवी होती, आणि पोर आकड्यांत पक्की. कायमचं काम, घरापासून हाकेच्या अंतरावर. उद्यापर्यंत सांगा म्हणाला. नवरा नुसता हसला. जिला पोलिसाची टोपी घालायची तिनं दुधाची भांडी हुंगायची का, असं काहीतरी बोलला. आईच्या ओठांवर सगळं आलं होतं. तेवढ्यात पोर आतून आली. इतकी ताठ मानेनं आली, की आईनं शब्द गिळले. डेअरीत शेजारची सून लागली.

भरतीच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. मैदानाच्या तारेबाहेर आईबाप उभे राहिले. आत पत्र्याखाली उंची मोजत होते. पोर उभी राहिली, आडवी पट्टी डोक्यावर आली. मोजणाऱ्यानं वरही पाहिलं नाही.

"तीन सेंटीमीटर कमी. पुढची."

पोर बाजूच्या दारानं बाहेर आली. नवरा तारेला धरून ओरडत होता, तुमची पट्टी खोटी आहे, घरी बरोबर भरते, पुन्हा मोजा. दोन शिपाई त्याच्याकडे यायला निघाले. आता हा मार खाणार, या भीतीनं आईनं त्याचा दंड धरला आणि सांगून टाकलं.

"पट्टी बरोबर आहे. मी दाराशी माती चढवली होती. पोर जेवत नव्हती म्हणून."

नवऱ्यानं तार सोडली आणि तो तिच्याकडे वळला. तिला वाटलं, आता हात उगारेल. त्यानं तो उगारला नाही.

"म्हणजे तुझाच विश्वास नव्हता," तो म्हणाला. "तिथंच अडलं सगळं."

आईनं पोरीकडे पाहिलं. ही शिकलेली, आकड्यांत पक्की, हिला तरी कळेल. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर बापाचीच होती.

"आई, रेघ गाठली असं वाटून मी शेवटचा महिना लटकणं कमी केलं. तू मध्ये पडली नसतीस, तर मी खरंच वाढले असते."

आईला रडूही आलं नाही. पोरीला वाचवायला गेली आणि पोरीच्या मनात तीच खोटी ठरली.

परतीच्या एसटीत नवरा पुढं जाऊन बसला. पोर आईशेजारी होती. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली कोरडी ढेकळं मागं पळत होती. बऱ्याच वेळानं पोरीनं आईचा हात धरला. तळहातावर फोडांचे घट्टे लागत होते.

"पुढच्या वर्षीही वय बसतं माझं. आई, आता तू खरंच मनापासून विश्वास धर. होईल ना?"

होईल म्हणणं किती सोपं होतं. तो हात तसाच हातात राहिला असता. आईनं तो घट्ट दाबला.

"नाही," ती म्हणाली. "नाही होणार, बाळा. तुझी उंची एवढीच आहे."

पोरीनं हात सोडवून घेतला. उठली, डुगडुगत्या गाडीत दांड्यांना धरत पुढं गेली आणि बापाशेजारी जाऊन बसली.