बोळ्याचा उपास

माझ्या धाकट्या जावेचा एक ससा आहे. आणला तेव्हा पांढरा, मुठीत मावेल एवढा होता. तिनं त्याचं नाव बोळा ठेवलं. मी बत्तीस वर्षं इस्पितळात आया होते, तीही ऑपरेशनच्या वॉर्डात. मी म्हणाले, "बोळा म्हणजे जखम पुसून फेकायची वस्तू." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दोघींचेही नवरे गेले. उरल्या दोन खोल्या आणि एक चूल.

सोमवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बोळ्याचा मागचा पाय फटीत सापडला. ससा किंचाळतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मुद्दाम केलंत," धाकटी म्हणाली.

"मला खालचं दिसतं का आता?"

"माझ्या ताटात काय पडलं ते बरं दिसतं!"

कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे बहुतेक कुत्रीच येतात. त्यानं पाय चाचपला, पट्टी गुंडाळली. "हाड मोडलंय. उद्या संध्याकाळी सहाला आणा, पाय काढून टाकू."

सकाळी धाकटीनं पिंजऱ्यात गवत भरलं. ती शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. निघताना म्हणाली, "तुम्ही नुसतं बघा. हात लावू नका."

पण ऑपरेशन म्हटलं की मला कुणी शिकवायला नको. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. वॉर्डात लपवून बिस्किटं खाणाऱ्या भल्याभल्यांच्या उशा मी झाडल्या आहेत. सात वाजता मी गवत उपसलं, पाण्याची वाटीही काढली. बोळा जाळीला नाक लावून बसला.

"बस तसाच. तुझ्याच भल्याचं आहे."

दुपारी त्यानं जाळीवरून नाक काढलं आणि कोपऱ्यात गोळा होऊन बसला. पाच वाजता, धाकटी यायच्या आत, मी सगळं होतं तसं ठेवलं. उगाच भांडण नको. त्यानं गवताला तोंड लावलं नाही. मला वाटलं, शहाणा आहे.

दवाखान्यात धाकटीनं टोपली टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. "डॉक्टर, आजवर किती सशांचे पाय काढलेत?"

"जनावर ते जनावर, बाई."

"म्हणजे एकही नाही."

"बाहेर रांग लागलीये. विश्वास नसेल तर दुसरा ससा घ्या, स्वस्त पडेल."

"पहिल्यांदा कातर धरणाऱ्याला आम्ही चिंधी देतो, कापड देत नाही," ती म्हणाली आणि टोपली उचलून बाहेर आली. रांगेत पोपट घेऊन बसलेल्या एका बाईनं बेकरीमागचा पत्ता दिला. तिथली डॉक्टरीण पक्षी आणि ससे बघते म्हणाली.

डॉक्टरीण फटकळ होती. तिनं पट्टी सैल करून पाय एकदा दाबून बघितला आणि सोडून दिला. मग बोळ्याचे कान चाचपले, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "शेवटचं कधी खाल्लं? लेंड्या किती टाकल्या?"

"दिवसभर गवत समोर आहे," धाकटी म्हणाली.

"समोर असून खाल्लं नाही? मग आत काही अडकलंय. पोट उघडावं लागेल कदाचित."

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. बोळ्याचे कान पाठीवर चिकटले होते आणि तो दात कराकरा वाजवत होता.

"अडकलेलं नाही," मी म्हणाले. "गवत मी काढलं होतं. सात ते पाच. पाणीसुद्धा."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. भुलेआधी उपाशी..."

"माणसाला! भुलेत माणूस ओकतो. सशाला ओकताच येत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं. आतडी थांबली की तो जातो. पाय महिनाभर बांधून ठेवू, कापायची गरज नाही. पोट मात्र आजच चालू झालं पाहिजे."

"दार चुकून," धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि गवतही चुकून?"

"भांडण घरी जाऊन करा," डॉक्टरीण म्हणाली. तिनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि भिजवलेल्या चाऱ्याच्या पातळ लगद्याची पिचकारी धाकटीच्या हातात दिली. धाकटीनं ती घाईनं दाबली आणि लगदा बोळ्याच्या हनुवटीवरच सांडला. मग मी बोळ्याला टॉवेलात गुंडाळलं, डॉक्टरीण म्हणाली तसा पाठीला आधार दिला. धाकटीनं पुन्हा पिचकारी लावली. त्यानं गिळलं.

"दर दोन तासांनी," डॉक्टरीण म्हणाली. "दोघी लागतील."

घरी आम्ही तेच करत राहिलो.

"आवळू नका त्याला."

"तू पिचकारी सरळ धरतेस. गालातून घाल."

"शिकवू नका. सकाळी शिकवलंत तेवढं पुरे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन लेंड्या पडल्या, मिरीएवढ्या. धाकटीनं त्या कागदावर घेतल्या आणि खिडकीशी जाऊन एखादं महागाचं बटण बघावं तशा निरखल्या. मी मान पुढे केली तर तिनं कागद मिटला.

"तुमच्या हातात तो शांत राहतो," ती म्हणाली. मी काही बोलणार तोच पुढे म्हणाली, "तेच मला सहन होत नाही."

संध्याकाळी तिनं बोळ्याचा पिंजरा आपल्या खोलीत नेला, बाजारातून एक कडी आणली आणि दाराला आतून स्वतः ठोकली. खिळे वाकडे गेलेत, पण मी सांगितलं नाही.

दोन तास झाले की कडी निघते. ती मला हाक मारत नाही, दार अर्धं उघडं ठेवते. मी हात धुऊन आत जाते.