घासूनपुसून लख्ख

व्हॉसने रिव्हॉल्व्हर उचलून खिडकीपाशी उजेडात नेलं, नळी वरून पाहिली, बाजूने पाहिली, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"याला कुणी हात लावला?"

"मी," नेडीन म्हणाली. "चांगलं घासून काढलं. तारेच्या घासणीने. लांबून पाहुणा यायचा, त्याच्यापुढे कळकट वस्तू कशी ठेवायची?"

"आणि हा बिल्ला?"

"त्याला टूथपेस्ट लावली."

ती ओट्याशी उभी राहून कॉफी ओतत होती. टेबलाशी बसलेल्या कर्टिसने मात्र कपाळाला हात लावला.

"आई, अगं काय करून बसलीस हे."

टेबलावर नेडीनच्या नवऱ्याची, लीलंड ह्रुस्काची, सगळी हत्यारं मांडली होती. दोन रायफली, एक दुनळी बंदूक, जुन्या हवालदारांचे पाच-सहा बिल्ले, आणि या सगळ्यांच्या पुढे त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि छातीवरचा तो बिल्ला, पितळी तारा. लीलंड सात वेळा निवडून आलेला शेरीफ, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख. आठव्या वेळी आपणच उभा राहिला नाही, म्हणाला, आता दुसऱ्या कुणाची झोप मोडू दे. तो जाऊनही आता दुसरा हिवाळा लोटला होता. यंदाच्या गारपिटीने छपराची पार चाळण केली, तेव्हा ओमाहाहून कर्टिस आला आणि त्यानेच ठरवलं. बाबांची हत्यारं विकायची, छप्पर नवं घालायचं. जुन्या हत्यारांचा हा शौकीन, कॅन्ससचा व्हॉस, त्यानेच शोधून काढला.

नेडीन हो म्हणाली होती. रायफली जायच्या तर खुशाल जाऊ देत, उभ्या जन्मात तिने त्यांच्यावरची धूळ झटकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. पण ते रिव्हॉल्व्हर आणि तो तारा तिला हवा होता. रोज संध्याकाळी लीलंड मागच्या दाराने आत यायचा, बाकावर टेकायचा, एकेक काडतूस काढून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. डब्याचा आवाज झाला की नेडीन बटाटे चुलीवर चढवायची. त्याआधी नाही. आवाज झाला म्हणजे माणूस धड घरी आला. मग तो तारा काढून पिस्तुलाशेजारी फ्रिजवर ठेवायचा आणि विचारायचा, काय गं, जेवायला काय आहे.

"एवढं एक राहू दे," असं ती कर्टिसला म्हणाली होती.

"एकट्या बाईच्या घरात पिस्तूल? डेनीसला तिकडे झोप लागायची नाही, आई. आणि मलाही."

बायकोचं नाव पुढे केलं असलं, तरी काळजी त्याची स्वतःची होती. पोरगा मायेने बोलत होता, हीच तर पंचाईत. भांडायला आला असता तर तिने दोन शब्दांत गप्प केला असता.

मग सोमवारी व्हॉसचा फोन आला. "बाई, एकच विनंती. कशालाही फडकंसुद्धा लावू नका. कमरेला घासून घासून उडालेला तो रंग, पितळेवरचा तो काळपटपणा, आम्ही त्याचेच तर वेडे. एकदा का कुणी घासलं, की आमच्या लेखी वस्तू मेली." फोन ठेवण्याआधी त्याने हेच पुन्हा एकदा सांगितलं. नेडीन बरं बरं म्हणाली, आणि सकाळी उठून घासणी घेऊन बसली. विकत नाही असं ती कुठे म्हणत होती? घेणाऱ्यालाच नको झालं तर त्याला ती तरी काय करणार?

सोपं मात्र गेलं नाही. नळी पांढरी पडायला लागली. लीलंडने इतकी वर्षं कमरेला वागवून जे झिजवलं, ते ती सकाळभरात खरवडून काढत होती. तरी हात चालू ठेवला. लाकडी मुठीपाशी आल्यावर मात्र थांबली. त्याच्या तळव्याच्या घामाने मूठ एका बाजूला काळी झाली होती. तिला घासणी लावणं काही तिच्याच्याने झालं नाही.

"याने कधी गोळी झाडली होती?" व्हॉसने खिडकीपासूनच विचारलं. "गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून."

"एकदा एका बैलावर. मधोमध रस्त्यात जखमी पडला होता बिचारा."

"माणसावर?"

"नाही हो. लीलंड बोलून बोलून समोरच्याला वात आणायचा. लोक कंटाळून आपणहून हात पुढे करायचे, घाला म्हणायचे बेड्या."

व्हॉस हसला. हसता हसता त्याने पिस्तूल उलटं केलं आणि त्याचा अंगठा मुठीवर थांबला. त्या काळ्या बाजूवरून त्याने तो हळूच फिरवला. मग टेबलाकडे आला. रायफलींवर बोटभर धूळ होती. दुनळीच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं. हवालदारांचे बिल्ले काळेकुट्ट पडले होते. त्याने ते सगळं नीट पाहून घेतलं आणि शेवटी नेडीनकडे पाहिलं. नेडीनने कॉफीच्या भांड्याचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावलं.

"पण मला एक सांगा," कर्टिस म्हणाला. "तुमचा रोजचाच धंदा आहे हा. फोनवर आईला बजावलं नव्हतंत का, हात लावू नका म्हणून?"

नेडीनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. संपलं आता. आईने आपल्याला फसवलं हे पोराला कळणार, आणि तो काही चिडायचा नाही, नुसता गप्प होऊन बसेल, ते आणखी वाईट. व्हॉस रागावून तसाच निघून गेला तर छप्परही गेलं. आणि एवढं करून तो तारा नि ते पिस्तूल कर्टिस दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकणारच.

व्हॉस खुर्ची ओढून बसला. कॉफीचा घोट घेतला.

"नाही हो," तो म्हणाला. "राहूनच गेलं. जगाला सांगत सुटतो, आणि नेमका इथे विसरलो. चूक माझी."

"मग आता?"

"बाकीचं नेतो. ठरलेल्या भावातच, त्यात काही बदल नाही. ही दोन मात्र राहू द्या इथेच. कुणी घ्यायचं नाही आता. काडतुसं आहेत का घरात? ती मी घेऊन जातो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको."

काडतुसं नसतील तर ते लोखंडच, असं कर्टिस पुटपुटला आणि रायफली उचलून बाहेर गाडीकडे निघाला. त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. ते पाहून नेडीनलाही बरं वाटलं.

तिने कपाट उघडलं. पहाटे उठून भाजलेले कोलाचे, गोड सारणाचे पाव, आत झाकून ठेवले होते, अर्धे खसखशीचे, अर्धे जर्दाळूचे. जर्दाळूचे कर्टिसला लहानपणापासून प्रिय. तिने मोठा डबा घेतला आणि ताट त्यात रिकामं केलं, खसखशीचे आणि जर्दाळूचे सगळेच.

व्हॉस गाडीचं दार लावत होता. तिने डबा त्याच्या हातात ठेवला.

"अहो बाई, एवढे कशाला?"

"आई, त्यातले जर्दाळूचे माझे ना?" कर्टिस पलीकडून म्हणाला.

नेडीनने तिकडे लक्षच दिलं नाही. डब्याचं झाकण एका कोपऱ्यात उघडं राहिलं होतं, ते तिने दाबून घट्ट बसवलं.

"असू देत," ती व्हॉसला म्हणाली. "तुमची चूक झाली ना, म्हणून."